मेणाच्या दोऱ्याची पुडी

माझी वहिनी कचऱ्यावरून माणसं ओळखते. सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये आम्ही दोघी एकाच टेबलाशी समोरासमोर उभ्या असतो. गाडी रिकामी झाली की मी कागद-पुठ्ठा वेगळा करते, ती प्लास्टिक. कोणती पिशवी कुणाच्या घरची, हे ती गाठ बघून सांगते. कोपऱ्यावरचे पेन्शनर काका दुहेरी गाठ मारतात आणि वर चिठ्ठी लावतात, 'आत काच आहे.' त्यांच्या शेजारची प्राध्यापकीणबाई गाठच मारत नाही. "शिकलेली आहे ना," वहिनी म्हणते, "तिला कुठला वेळ?"

स्वस्थ उभं राहणं वहिनीला माहीत नाही. हात चालू, पाय चालू, तोंड तर चालूच. मुकादमानं दिलेले जाड हातमोजे ती घालायची, पण फक्त डाव्या हातात. उजवा मोजा कमरेला खोचलेला. "मोज्यातून प्लास्टिक कळत नाही," म्हणायची. दोन बोटांत चुरगाळून ती कागद आणि प्लास्टिकचे चिकटलेले थर ओळखते, हे खरं आहे. मुकादम रोज ओरडायचा आणि रोज हरायचा. मी काही बोलले तर, "तू तुझे पुठ्ठे बघ."

त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला बाजारगल्लीतलं एक पोतं उघडलं. वह्यांच्या कडा, संपलेल्या रिफिली, पेनांची खोकी. म्हणजे स्टेशनरीवाल्याचं, शंकाच नको. त्यात मुठीएवढी काळी पुडी निघाली. वहिनीनं सवयीनं ती दाबून बघितली आणि एकदम हात झटकला. अंगठ्याखाली रक्ताचा ठिपका आला होता. मी पुडी फाडली. आत इंजेक्शनच्या पाच-सहा सुया, एकीचं टोपण निघालेलं.

साबणानं हात धुऊन, पुडी बरोबर घेऊन आम्ही थेट दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "सुया कुणाच्या ते कळलं, तर त्या माणसाचं रक्त तपासता येईल. नाहीच कळलं तर चारच्या आत परत या. एचआयव्ही होऊ नये म्हणून महिनाभराच्या गोळ्या सुरू करू. त्रास होतो त्यांचा, पण जोखीम घ्यायची नाही."

वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मी हातातल्या पुडीकडे.

पुडीच्या मानेला काळा दोरा गुंडाळलेला होता, मेण लावलेला. सात फेरे, आणि टोक खालून आत घेऊन असं मुरवलेलं की शोधून सापडू नये. आमचे वडील शिंपी होते. कोटाचं बटण लावताना त्याखाली ते अगदी असेच फेरे द्यायचे. आम्हा दोघा भावंडांनाही त्यांनी तेच शिकवलं. वडील आता नाहीत, आणि मला सुई-दोरा सोडून वर्षं झाली. वहिनीनं तर आयुष्यात बटण लावलेलं नाही. नवरा शिंपी असताना कशाला लावेल?

दादा आणि इंजेक्शनं? डोक्यात नको नको ते येऊ लागलं. मी पुडी पर्समध्ये टाकली आणि गप्प बसले. का, ते आजही मला धड सांगता येत नाही. भाऊ होता, एवढंच.

"दादाला कळवू या का?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"खुळी आहेस का? तो दुकान बंद करून डोकं धरून बसेल. आधी सुईवाला सापडू दे."

मग ती जी सुटली! पेन्शनर काकांना साखरेचा आजार, म्हणून आधी त्यांच्याकडे. त्यांनी बिचाऱ्यांनी सुया ठेवायची झाकणाची बरणी आणून दाखवली, एकेक मोजून. औषधवाला म्हणाला, गिऱ्हाइकांची नावं सांगता येत नाहीत. त्याला तिनं असं फैलावर घेतलं की दुकानातली रांग मागे सरली. बारा वाजले, एक वाजला. ती पुढे, मी मागे. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता सांगावं. वहिनी मधेच थांबून अंगठा दाबायची, जोरात, जणू आत काही राहिलंय. मी पर्स घट्ट धरायचे.

"माझं काही झालं तर," ती एकदाच म्हणाली, "तुझ्या दादाला चहासुद्धा करता येत नाही."

तेव्हाही मी बोलले नाही.

अडीचला आम्ही स्टेशनरीच्या दुकानात पोचलो. तिथून दोन गाळे सोडून दादाचं दुकान, म्हणून वहिनी हळू बोलायचं ठरवून आली होती. दुसऱ्या वाक्यालाच आवाज चढला.

"तुमच्याच पोत्यात होत्या! आकाशातून पडल्या का?"

"अहो, माझं पोतं रात्रंदिवस पायरीवर असतं. कुणीही काही टाकतं," स्टेशनरीवाला रडकुंडीला आला होता. "मी सुया कशाला टोचू स्वतःला?"

आवाज ऐकून दादा बाहेर आला. गळ्यात टेप, कानामागे खडू. "कसल्या सुया?" म्हणाला. मग त्याला वहिनीचा अंगठा दिसला, त्यावरची पट्टी दिसली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या आहेत," तो म्हणाला.

चार महिन्यांपासून त्याची साखर वाढलेली. दुकानात पडद्यामागे इन्सुलिन घ्यायचा. "तुला सांगितलं असतं तर तू मला खाटेवरून उठू दिलं नसतंस. आणि घरच्या डब्यात टाकल्या असत्या, तर संध्याकाळपर्यंत तू शोधून काढल्या असत्यास. नीट बांधून टाकायचो गं. मेणाच्या दोऱ्यानं."

वहिनीनं माझ्याकडे हात पुढे केला. "पुडी दे."

मी दिली. तिनं दोऱ्यावरून बोट फिरवलं, टोक शोधलं. सापडलं नाही. मग माझ्याकडे नुसतं बघितलं. ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

पावणेचारला दादाचं रक्त तपासलं. भिण्यासारखं काही निघालं नाही, गोळ्या टळल्या. दादाला वहिनीनं दोन दिवस धारेवर धरलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाड झाकणाची बरणी ठेवून आली. तो आता घरात सगळ्यांसमोर इंजेक्शन घेतो आणि तिच्याकडून वेळेवरून बोलणी खातो.

मला तिनं एकच विचारलं. "दवाखान्यातच कळलं होतं ना तुला?"

"हो."

"आणि तरी माझ्या मागे मागे फिरलीस?"

त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही.

आता ती दोन्ही हातांत मोजे घालते. तोंड पूर्वीसारखंच चालू असतं, माझ्याशीसुद्धा. फक्त दोऱ्यानं बांधलेली एखादी पुडी आली की तिचे हात थांबतात. ती पुडी टेबलावरून माझ्याकडे सरकवते.

"आधी तू बघ," म्हणते.