माळकऱ्याच्या पोटातलं हाड

भूत, करणी, उतारा... यातलं मी काहीही मानत नाही. धुळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवण्यात जन्म गेला. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे मुलांनाच काय, घरच्यांनाही ऐकवायचो. एका गोष्टीचं मात्र अजून सापडलेलं नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. माझे काका, नाना, नरडाण्याजवळ शेती करायचे. पक्के माळकरी. शेजारी मटण शिजलं तरी ताटावरून उठणारा माणूस! पोटदुखीनं ते पार वाळले, तेव्हा मी त्यांना धुळ्याला आणलं. आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन करून डॉक्टर बाहेर आले.

"गाठ काढली. पण कापताना सुरी कर्रकन अडली. आत हाड आहे."

बशीत मी स्वतः पाहिलं — बोराच्या बीएवढं, पांढरं, खडबडीत. मी चक्रावलोच. त्यात माझ्या जिभेला हाड नाही. बाहेर नानांची बायको, आमची अक्का बसली होती, तिला लगेच सांगून मोकळा झालो.

नाना शुद्धीवर येताच तिनं विचारलं, "कोठे खाधं तुम्ही मटन?"

"मी? मी कधी खाधं नही."

मग दोन दिवस ते नुसते आठवत पडले. कुठल्या लग्नातली पंगत, कुणी फसवून वाढलं असेल का... तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणच माळ काढून माझ्या हातात दिली.

"पोटमा हाड निंघनं ना भाऊ. मंग मनंच चुकनं व्हई."

गावी अक्का त्यांचं ताट वेगळं वाढू लागली. एकदा मी गेलो, तर नाना ओसरीवर भिंतीकडे तोंड करून जेवत होते. मला फार लाज वाटली.

महिनाभरानं गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "हे खाल्लेलं हाड नव्हे. गाठीतच तयार झालंय. फार क्वचित होतं असं."

"पण आतड्यात हाड... का?"

"ते मलाही माहीत नाही, मास्तर."

मी तडक गावी गेलो. ऐकून अक्का रडली, नानांच्या पाया पडली. मी माळ पुढे केली, तर त्यांनी हात आडवा धरला.

"तूच सांगस ना, बठ्ठ्या गोष्टीसले कारन ऱ्हास. मंग याले काय कारन?"

"डॉक्टरांनाही माहीत नाही, नाना." जे खरं ते सांगितलं.

"मंग ऱ्हाऊ दे. समजनं म्हंजे घालसू."

चैत्रात नाना गेले. गळा मोकळाच होता.

पुढे कितीतरी डॉक्टरांना विचारलं. 'होतं कधीकधी' म्हणतात, का होतं ते कुणी सांगत नाही. माळ माझ्याच कपाटात आहे. त्या दिवशी काहीतरी कारण ठोकून द्यायला हवं होतं... माझं नानांनी ऐकलं असतं.