बदललेल्या डब्या

किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस मागं लागलं, तेही सुभेदार लालासाहेबांनी ताठ मानेनं सोसलं. पण त्या आजारातली खाज काही मान ताठ ठेवू देईना. लग्नाच्या पंगतीत चारचौघांसमोर अंग खाजवावं लागे, आणि शेजारचा माणूस हळूच आपलं ताट सरकवून घेई. फौजेत नाव कमावलेल्या माणसाची ही गत!

कराडच्या दवाखान्यात या खाजेवरच्या नव्या गोळीची चाचणी सुरू झाली, तेव्हा सुभेदारांनी सगळ्यांच्या आधी सही ठोकली. गावातल्याच, डायलिसिसवरच असलेल्या केरूनंही केली. डॉक्टर अंकितांनी दोघांना समजावलं होतं, काहींच्या डबीत औषध आहे, काहींच्या डबीत नुसती साधी गोळी. कुणाला काय मिळालं, ते मलाही ठाऊक नाही. तुम्ही फक्त खरं सांगायचं.

केरू शांत झोपू लागला. सुभेदार मात्र रक्त येईस्तोवर ओरबाडत होते. केरू डायलिसिसला यायचा तो सुभेदारांच्याच गाडीतून. एकदा गाडी चालवणारा त्यांचा पोरगा पेट्रोल भरायला उतरला, तेव्हा सुभेदार रस्त्याकडं बघतच म्हणाले, "केरू, तुजी डबी मला दे रं. माजी तू घे."

केरूनं डबी जरा वेळ मुठीत धरली, मग पुढं केली. गाडी कुणाची, हे दोघांनाही माहीत होतं.

सुभेदारांना लवकरच गुण आला. पंगतीत हसून-खेळून जेवले. केरू मात्र लांब बाह्यांचा सदरा घालू लागला. गड्याला थंडी वाजत असेल, अशी सुभेदारांनी मनाची समजूत घातली. भर वैशाखात!

पुढच्या खेपेला दोघं शेजारशेजारच्या पलंगांवर, एकेका हातात सुया टोचलेल्या, असे पडलेले. डॉक्टरांनी केरूच्या मोकळ्या हातावरची बाही वर सारली. हात सोलून निघाला होता.

"केरूकाका, इतकं छान चाललं होतं! गोळ्या घेत नव्हता का?"

"इसरलो आसंन, मॅडम," केरू छताकडं बघत म्हणाला. "चूक माजीच हाय."

डॉक्टर त्याला रागावल्या. अशानं औषध खरं की खोटं, ते कसं कळणार? पुढच्या पेशंटांनी काय करायचं? सुभेदारांना उठून पळावंसं वाटलं, पण मशीननं हात धरून ठेवलेला. लाजेनं त्यांची कानशिलं तापली.

"मॅडम, त्याला बोलू नका. डब्या मी बदलल्या."

डॉक्टरांनी दोघांचेही कागद मिटले. मग म्हणाल्या, दोघांच्याही नोंदी आता बाद. गोळ्याही बंद. म्हणजे केरूच्याही.

त्या गेल्यावर सुभेदार पुटपुटले, "चुकलं माजं. पर तू न्हाई म्हणायचं हुतंस रं."

केरूनं मान वळवली. "आवं सुभेदार, मी तुमची डबी मागितली आस्ती, तर?"

'दिली असती' असं सुभेदारांच्या ओठावर आलं. पण एवढं खोटं त्यांना बोलवेना.

परतीला केरू गाडीपाशी आलाच नाही. सोललेल्या हातावरची बाही नीट करत तो एसटी स्टँडकडं निघाला, आणि त्याला हाक मारायची सुभेदारांची छाती झाली नाही.