चार बोटं जागा

माझं विमान तिसऱ्यांदा पडलं तेव्हा खिडकीशी बसलेल्या बाबांनी विचारलं, "काहून वं, इंजिन मरून राहिलं?"

विमान खेळातलं होतं. कॉम्प्युटरवर आपलं जेट आपण बांधायचं आणि उडवायचं. आम्हा चौघी मैत्रिणींची रविवारी सकाळी त्यावर शर्यत असायची, जिचं विमान सगळ्यात उंच जाईल ती जिंकली. माझं इंजिन दणकट होतं, पण नाक वर केलं रे केलं की त्याचा दम जायचा. मी हट्टी. इंजिनाला हवा पुरवणारं तोंड आधी मोठं केलं, मग दोन तोंडं लावली, मग चार. विमान बेढब झालं आणि आणखी लवकर पडू लागलं.

बाबांनी उभी हयात कूलर बांधले. पत्रा कापायचा, वाळ्याच्या ताट्या बसवायच्या, पंखा जोडायचा. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांना जेवायलाही फुरसत नसायची. मग गुडघे गेले, दुकान बंद झालं. काही विचारलं की म्हणायचे, "मले काय विचारतं, मी आता भंगार." मला त्या शब्दाचा भयंकर राग यायचा. बाथरूममध्ये जाऊन मी रडलेही आहे.

त्या रविवारी मात्र, शर्यतीआधी मी सराव करत होते तेव्हा, ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी आले.

"याचं तोंड कुठं हाय?"

"पाठीवर. पंखांच्या मागे. छान दिसतं तिथे."

"आन् नाक वर केल्यावर?"

मी विमान तिरपं करून दाखवलं. समोरून येणारी हवा आणि ते तोंड यांच्या मध्ये अख्खं विमान आलं होतं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"अवं, हा तं भिंतीले पाठ लावलेला कूलर झाला! पंखा कितीबी मोठा लाव. हवा घेईन तवाच देईन ना!"

दर एप्रिलमध्ये गिऱ्हाइकांना 'कूलरची पाठ खिडकीबाहेर ठेवा' हे बजावून सांगणारी मीच असायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तीन तोंडं काढून टाकली. उरलेलं एक पोटाखाली नेलं. बाबांनी स्क्रीनवर बोटं आडवी धरली. "असं चिकटवू नोको. चार बोटं जागा सोड. अंगाले चिकटलेली हवा सुस्त रायते."

शर्यत सुरू झाली. मी नाक वर केलं. इंजिन गुरगुरलं आणि चढतच राहिलं. तिघी खाली राहिल्या. मी खुर्चीवर उभी राहून ओरडले, बाबा माझ्याहून मोठ्यानं.

आमच्यातली एक इथल्याच विमानतळावर खरी विमानं दुरुस्त करते. शर्यतीत आम्ही एकमेकींशी बोलतही असतो; हेडफोन काढून मी तिचा आवाज बाबांनाही ऐकू जाईल असा मोठा केला.

"पोटापासून ती फट कोणी ठेवाले सांगितली तुले? लढाऊ विमानांले तशीच रायते!"

मी माइक बाबांपुढे सरकवला. ते घसा खाकरून म्हणाले, "मी. कूलरवाला."

"काका, पुढच्या रविवारी माह्यं विमान पाहून द्याल?"

"देतो ना. पण रविवारीच सांगजो, बाई. बाकी दिवस मले काम रायते."

बाकी दिवस त्यांना काडीचंही काम नव्हतं. मी ते कुणालाही सांगितलं नाही.