मुरमात अडलेला रॉड

मी वायरमन. केनवडच्या अलीकडे एका जोडप्याचा भाजीचा मळा आहे, त्यांच्या विहिरीवरची मोटर मीच बसवलेली. गेल्या उन्हाळ्यात मळेवाल्याने मला बोलावलं ते दुरुस्तीला नाही, साक्षीला.

"मोटर चालू कराले गेली का झिणझिण्या येते म्हणते. मी रोज बटन दाबतो, मले तं काईच होत नाई. तुमीच सांगा इले, वहम हाये म्हून."

बायको खाली मान घालून मेथीच्या जुड्या बांधत होती. निंबाखाली बसलेल्या सासूचं मत पक्कं होतं: हिच्या हातून काहीतरी चुकलं आणि विहिरीवरच्या साती आसरा कोपल्या. पाण्याच्या त्या देवतांसाठी सून पाच शुक्रवार उपाशी राहिली होती. 

मी मोठ्या रुबाबात स्टार्टरच्या लोखंडी पेटीला टेस्टर लावला. तो पेटला, आणि माझा रुबाब जागीच उतरला.

मोटरीतून थोडा करंट गळत होता. सगळ्यांना लांब उभं करून मी फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावला. अर्थिंग, म्हणजे गळता करंट जमिनीत नेणारा पुरलेला रॉड, चांगली असली की तो लख्ख पेटतो. हा विझत्या बिडीसारखा लाल झाला. करंट मिळेल त्या सगळ्या वाटांनी जातो, सोप्या वाटेने जास्त. रॉडची वाट अवघड होती, म्हणून करंटने त्या बाईच्या ओल्या, अनवाणी पायांची वाट धरली. आसरांपुढे चप्पल घालायची नाही, हे ती बिचारी पाळत होती. नवऱ्याच्या पायात रबरी बूट. करंट त्याच्या वाटेला कशाला जाईल!

रॉड कुठे अडला, हे मला न खोदताच ठाऊक होतं. बसवताना दोन हात खोलीवर कडक मुरूम लागला. पोटात कावळे ओरडत होते. मी वर उरलेला रॉड करवतीने कापला, मीठ-कोळसा घालून खड्डा छान लिंपला आणि जेवायला गेलो. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. डोकं वर दिसलं की खाली कोण बघतो?

मोटर वाइंडिंगला पाठवली. पाटाच्या खालच्या अंगाला ओल टिकते, तिथे दोन अख्खे रॉड ठोकून एकमेकांना जोडले. नवरा म्हणाला, "जुना रॉड गंजला असन." आयती सुटका होती. हो म्हणावंसं वाटलंही, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात तिने विचारलं, "मंग भाऊ, माह्या हातून काई चुकलं नोतं?"

माझी मान वर होईना. "नाई वैनी. चुकलं ते माहं. रॉड मीच कापला होता."

ती रागावली नाही. निंबाखालच्या सासूकडे बघत एवढंच म्हणाली, "जरा मोठ्यानं सांगा. आत्याबाईले कमी आयकू येते."