कोथिंबिरीच्या नावाखाली

मागच्या वर्षी आमच्या फ्रिजमध्ये इतकी कोथिंबीर साठली होती, की दुधाचं पातेलं काढायला दार उघडलं तरी एखादी जुडी पायावर पडायची. सगळी सुनेने आणलेली. रोज संध्याकाळी ती माडीवरून खाली यायची, स्कूटरची किल्ली उचलायची आणि "आई, जरा कोथिंबीर घेऊन येते हां" म्हणून निघायची. परत यायची ती तासाभराने. बाजार आमच्या घरापासून स्कूटरवर पाच मिनिटं. आमच्याकडे कोथिंबीर घाटावरून, कोल्हापूरकडून येते हे खरं, पण ती आणायला कुणी जातीने आंबा घाट चढत नाही.

मी विचारलं नाही. वयाने आलेलं शहाणपण म्हणा हवं तर. खरं म्हणजे विचारून कळण्यापेक्षा न विचारता शोधून काढण्यात मला जास्त गंमत वाटते.

सुनेचं सांगायला हवं. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरातून करते. करोनात घरी आलेलं तिचं ऑफिस परत गेलंच नाही. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यासारखं आलं आणि माडीवर कायमचं राहिलं. माझा मुलगा सकाळी बँकेत जातो, नात शाळेत जाते, कामवाली येते नि जाते. न जाणारी माणसं दोनच, ती आणि मी. आणि मी किती बोलते ते एवढ्यात तुमच्या लक्षात आलंच असेल.

कोथिंबीर सुरू होण्याआधीचे काही महिने वाईट गेले. तिला झोप लागेना. जिना उतरताना मध्येच थांबून छातीवर हात ठेवायची. एकदा नातीच्या हातून ताक सांडलं, तर नात हसत होती आणि ही रडत बसली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शरीरात काही नाही म्हणाले. "मनाला विसावा हवाय. रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढा." माझ्या मुलाने मान डोलावली, जणू रोज एक केळं खा म्हणून सांगितलंय. घरी आल्यावर तिला म्हणाला, "काढ हां वेळ." झालं. तो कुठून काढायचा, कुणाच्या वाटणीतला काढायचा, यावर कुणी काही बोललं नाही.

पुढे कोथिंबीर सुरू झाली आणि जिन्यावरचं थांबणं बंद झालं. मला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मात्र डोळे तपासून आले त्या दिवशी कळलं.

शेजारणीबरोबर रिक्षाने परत येत होते. ती म्हणाली, "वहिनी, मांडवीच्या किनाऱ्यावरून जाऊया का? जरा वारा खाऊ." माझ्या डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं जग दुधात बुडवून काढल्यासारखं. तरी सून ओळखू आली. जेट्टीच्या कठड्यावर बसली होती, तोंड पाण्याकडे, हेल्मेट मांडीवर. फोनवर बोलत नव्हती. रडत नव्हती. बरोबर कुणी नव्हतं, एवढंही मी वाकून बघून घेतलं, उगाच खोटं कशाला सांगू? नुसती बसली होती. मागे स्कूटरच्या हुकाला जुडी लोंबत होती.

"ती तुमची सून ना हो?" शेजारणीने मान लांब केली.

"छे! आमची सून एवढी जाडी आहे का?" मी म्हटलं आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर बोट टोचलं. "चला हो, डोळे चुरचुरतायत माझे."

मला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. या धंद्यात मी तिच्या फार आधीपासून होते.

लग्न होऊन मालगुंडच्या अलीकडच्या एका वाडीत गेले, तेव्हा मी अत्यंत गुणी मुलगी होते. इतकी गुणी, की आज ती समोर आली तर मी तिच्याशी पाच मिनिटंही बोलणार नाही. नवरा बोटीवर, महिनोन्महिने समुद्रात. घरात सासूसासरे, दीर आणि दोन म्हशी. मी सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची आणि दिवसभरात पाठ टेकली नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलायची. "आम्हाला बाई बसायला सवडच नाही!" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की त्याला चाल लावली असती तर आरती झाली असती.

पण बसायला तर माणसाला हवंच असतं ना! मग मी काय करायची, तर धुणं घेऊन पऱ्यावर जायची. घरामागच्या उतारावरून तो लहानसा ओढा वाहायचा, आणि त्याच्या काठाला एक सपाट कातळ होता. धुणं चटकन आटपायचं. मग पाय पाण्यात सोडून मी बसायची. बारकाले मासे बोटांना टोचायचे. डोक्यात काही म्हणजे काही नसायचं. परत येताना मी वेगळीच बाई असायची.

अडचण एकच. रोज जायचं तर रोज मळके कपडे कुठून आणायचे? तर एकदा मी चांगली घडी घातलेली पांढरी चादर घेतली, मागच्या दारी नेली आणि तिला तांबडी माती चोळली. आपल्या हातांनी! मग ती उचलून, कपाळाला आठ्या घालून, "किती हो मळतात कपडे या घरात" करत पऱ्यावर. आता तांबड्या मातीचा डाग निघतो थोडाच? ती चादर पुढे फाटेपर्यंत गुलाबीच राहिली. आणि सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "आमची सून स्वच्छतेला फार!" मी आपली खाली मान घालून उभी, देवीच्या फोटोसारखी.

एवढं नाटक करण्यापेक्षा "मी जरा पाण्यावर बसून येते" म्हणायला काय झालं होतं? पण ते तोंडातून फुटायचंच नाही. आमच्याकडे बाई घराबाहेर पडली की वाटेत भेटेल तो विचारणार, "काय, कुठे?" आणि त्याला उत्तर म्हणून हातात एखादी वस्तूच लागते. घागर, कोयता, धुणं, पिशवी. रिकाम्या हातांच्या बाईकडे उत्तर नसतं.

तेव्हा मी ठरवलं, सुनेची जुडी ही सुनेची जुडी, आपण गप्प बसायचं. बसलेही असते. पण माझा मुलगा स्वभावाने प्रेमळ आहे, आणि प्रेमळ माणसं फार धोक्याची.

एका रविवारी त्याने फ्रिज उघडला आणि त्याला बायकोची दया आली. "रोज हिला एवढी दगदग, एका कोथिंबिरीसाठी!" मोबाइलवर व्हिडिओ बघितला, कुंड्या आणल्या, धणे रगडले, पेरले आणि कुंड्या मागच्या पडवीत ओळीने मांडल्या. "आता तुला बाहेर पडायलाच नको," तो म्हणाला.

सून म्हणाली, "अरे वा." ती ज्या आवाजात "अरे वा" म्हणाली, त्या आवाजात आमच्याकडे "आजोबा गेले हो" असं सांगतात.

आमच्या हवेत कोथिंबीर सहसा धड येत नाही. याची आली. दाट, हिरवीगार, बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी नवस केला होता. सुनेचं जाणं बंद झालं. काही दिवसांतच ती पुन्हा जिन्यावर थांबायला लागली. कुकरचं झाकण आपटायला लागली. मग एकदा नात माझ्याजवळ आली.

"आजी, आई बाथरूममध्ये एवढा वेळ काय करते?"

"आंघोळ करते गो."

"मग बाहेर कोरडीच कशी येते?"

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. मी कारवाई सुरू केली.

दुपारी घर निवांत झालं की पहिल्या कुंडीत उकळतं पाणी. एकच कुंडी, म्हणजे रोग वाटेल. दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीने माना टाकल्या. मुलगा हळहळला आणि बाकीच्या कुंड्यांवर कसलंसं औषध फवारलं. मग मी शेजारणीच्या कोंबड्यांना तांदूळ टाकत टाकत दुसऱ्या कुंडीपर्यंत आणलं. त्याने जाळी लावली. शेवटी मी जेवताना तोंड वाकडं केलं.

"या कुंडीतलीला वास नाही रे. बाजारातली बरी होती."

"आई, करोनापासून तुला कसलाच वास येत नाही. परवा दूध करपलं, ते तरी कळलं का?"

पुरावा जोरकस होता. मी आमटी ओरपली.

तिसऱ्या कुंडीपाशी मात्र सुनेनेच मला पकडलं. पाणी प्यायला खाली आली होती, तर मी पातेलं घेऊन ओणवी.

"आई, काय करताय?"

"झाडांना पाणी घालतेय."

"वाफ येतेय पाण्याला."

"गार पाण्याने सर्दी होते त्यांना."

ती पडवीच्या पायरीवर बसली. मीही पातेलं ठेवून तिच्या शेजारी बसले.

"मी तुला मांडवीला बघितलं होतं," मी म्हटलं.

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मी तिथे काही करत नाही हो आई. नुसती बसते. पाणी बघते, बोटी येतात त्या बघते. तेवढ्याने मी दुसऱ्या दिवसाला पुरते. आता पुरत नाही."

मी तिला चादरीची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली, की डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता कधी रडायला लागली ते दोघींनाही कळलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि लगेच कामाला लागले, कारण असल्या बाबतीत माझं डोकं अजून झकास चालतं.

"हे बघ, कोथिंबीर मेली तर मरू दे. माझ्या गुडघ्यांचं तेल आणायला जाते म्हण. नाहीतर देवळात जा, देवाला जाणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही. नाहीतर असं कर, मलाच कुठेतरी पोचवायचं म्हण, मी बसते शेजारणीकडे लपून..."

"आई, परत खोटंच का?"

"मग काय तर!"

"अर्धा वेळ त्यातच जातो हो. आधी बाजारात जाऊन जुडी घ्यायची. मग उशीर झाला तर गर्दी होती म्हणू, का स्कूटर सुरू होत नव्हती म्हणू? काल काय सांगितलं होतं? विसाव्याला जाते आणि पाठांतर करत बसते."

मला पऱ्यावरची ती गुणी मुलगी आठवली. तिचे पाय पाण्यात असायचे खरे, पण कान सतत घराकडे. हाक आली तर हातात काहीतरी ओलं दिसायला हवं म्हणून चादरीचं एक टोक तिने घट्ट धरून ठेवलेलं असायचं. मासे टोचायचे, डोक्यात काही नसायचं, असं मघाशी मी सांगितलं. तसे काही दिवस होते. पण थोडे.

"मीच सांगते त्यांना," सून उठत म्हणाली. "तुम्ही मध्ये काही बोलू नका हां."

मला बोलू नका सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. तरी कबूल केलं.

संध्याकाळी मुलगा आला. आम्ही चहा घेत होतो. सून खाली आली आणि तिने किल्ली उचलली.

"कुठे? कोथिंबीर आहे की थोडी अजून."

"मांडवीला जाते. बसायला."

"कोण भेटणार आहे?"

"कुणी नाही."

"मग? काही झालंय का?"

"काही होऊ नये म्हणून जाते. रोज जाणार आहे, तासभर."

मी चहाचा मोठा घोट तोंडात भरून ठेवला होता. गिळला असता तर बोलले असते.

"थांब मग, मीपण येतो. भेळ खाऊ," प्रेमळ माणूस म्हणाला.

"नको," ती म्हणाली. हळू म्हणाली, पण म्हणाली.

स्कूटर फाटकाबाहेर गेली. मुलगा कप हातात धरून बसला होता, पतंग कटल्यावर लहानपणी बसायचा तसा.

"आई, माझं काही चुकलं का?"

"नाही रे. तुझी कोथिंबीर फार छान आली होती."

"होती म्हणजे?"

मी त्याच्यापुढे नारळ आणि विळी सरकवली. "खवून दे. आज भात तू लाव." वाईट वाटत असलेल्या पुरुषाच्या हाताला काम द्यावं, एवढं मला येतं. भात मऊ झाला. कुणी काही म्हटलं नाही.

स्कूटर बाहेर पडली तेव्हाच शेजारीण कुंपणापाशी आली होती. "सूनबाई कुठे निघाल्या?"

तेल, देऊळ, औषध, तीन उत्तरं जिभेच्या टोकाशी तयार उभी राहिली. त्यांना मागे ढकलायला मला किती जोर लावावा लागला म्हणून सांगू!

"मांडवीला. बसायला."

"कुणाबरोबर?"

"एकटीच."

"काही बिनसलंय का हो वहिनी?"

"बिनसलं असतं तर घरात बसली असती."

दुसऱ्या दिवशी आळीभर झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, सुनेशी नीट वागतेस ना गो?" आठवडाभर मी खाष्ट सासू म्हणून प्रसिद्ध होते. हे पद मला फार उशिरा मिळालं, पण मिळालं तेवढे दिवस मी ते मनापासून उपभोगलं. देवळात बायका सरकून जागा द्यायला लागल्या होत्या. मग कुणाच्या तरी घरी दुसरं काही घडलं आणि माझं पद गेलं.

सून रोज जाते. तासाचा कधी दीड तास होतो. मुलाचा भात आता मोकळा होतो. येताना तिच्या केसांत वारा भरलेला असतो आणि आल्या आल्या ती नातीशी भांडायला लागते, साधं, नेहमीचं भांडण.

परवा चपला घालता घालता तिने विचारलं, "आई, येता का तुम्ही?"

मनापासून विचारलं हो तिने. आणि मला जायचं होतं. किती दिवसांत मी बोटी बघितलेल्या नाहीत. पण तिचा एक पाय फाटकाकडे निघालेला होता आणि हेल्मेटचा पट्टा लावून झाला होता.

"नको गो," मी म्हटलं. "माझी मालिका सुरू होईल आता."

ती गेली. मालिकेला अजून तासभर होता.