लताबाईंच्या आजाराचं कारण

लताबाईंना मी एका जागी बसलेलं कधी पाहिलं नाही. सकाळी सातच्या नाशिक–पेठ गाडीत कंडक्टरची सीट रिकामी आणि या बाई पुढून मागे, मागून पुढे. दिंडोरीकडच्या एका खेड्यात द्राक्षांची विरळणी करत बारावी झाल्या, मग कंडक्टरचा बिल्ला मिळवला. घाटात झिंगलेल्या माणसाला कॉलर धरून खाली उतरवलेलं मी पाहिलंय. पेठजवळच्या शाळेत शिकवायला मी आठ वर्षं याच गाडीने जाते, आणि मला वाटायचं, या बाईला कुणाच्या बापाची भीती नाही.

या उन्हाळ्यात मात्र त्यांची चुळबुळ वेगळी दिसायला लागली. तिकीट देता देता थांबायच्या, दांडा घट्ट धरायच्या. लघवीला जळजळ, कंबरेत कळ, संध्याकाळी ताप. डॉक्टरांच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले. बरं वाटायचं आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग अख्खी गाडी वैद्य झाली. कुणी म्हणे उष्णता, कुणी म्हणे वांगं बाधलं, ड्रायव्हर सहादूभाऊ म्हणे नजर लागली. मी उष्णतेच्या बाजूची. सब्जा आणून दिला. तो त्यांनी पिशवीत टाकला, पाण्यात काही टाकला नाही.

"किडनीपर्यंत गेलं तर ॲडमिट व्हावं लागेल," असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा माझा धीर सुटला. दोन मुलींची आई, घरात एकटी कमावती. रविवारी त्यांना ओढतच पंचवटीत रंगनाथ वैद्यांकडे नेलं.

वैद्यांनी नाडी पाहिली, पण काय खाता ते काही विचारलंच नाही. "ड्युटीवर पाणी किती पिता?"

"नाय पीत."

"आणि लागली तर?"

"दाबून धरते. सवय हाय आता."

वैद्य चिडलेच. "लघवी, शिंक, भूक, झोप, डोळ्यांतलं पाणीसुद्धा! शरीराचा वेग अडवला की तिथून आजार सुरू होतो, असं आमचं शास्त्र सांगतं. डॉक्टरांच्या गोळ्या पूर्ण घ्या. पण आजाराला कारण तुम्ही रोज नव्याने देताय आणि ते तुम्हाला माहीत आहे. ग्रंथात याला प्रज्ञापराध म्हणतात. आपण म्हणतो, कळतं पण वळत नाही. कधीपासून चाललंय?"

लताबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पाच वर्सं झाली. करंजाळीच्या अलीकडं गाडी थांबवून उतरले होते. परत चढले तर एक मॅडम म्हणाल्या, 'घरून जाऊन यायला काय होतं? आमची शाळेत हजेरी लागते.' सगळी गाडी लय हसली."

त्या मॅडमला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग 'शाळेत' हा शब्द डोक्यात शिरला. त्या गाडीत शाळेची बाई मी एकटीच.

"मीच ना?"

"जाऊ द्या मॅडम. तुम्ही काय मनापासून नव्हत्या बोलल्या."

मनापासूनच बोलले असणार. उशीर व्हायला लागला की माझी जीभ अशीच चालते. मला आठवतसुद्धा नव्हतं, याची लाज जास्त वाटली.

सोमवारी गाडी सुटल्यावर लताबाई माझ्यासमोर बाटलीभर पाणी प्यायल्या. सावळघाट चढेपर्यंत त्यांचा चेहरा ओढला गेला. हात घंटीच्या दोरीपर्यंत जाई आणि परत येई. तीनदा झालं, तशी मीच उठून दोरी ओढली.

"सहादूभाऊ, थांबवा. लताबाईंना उतरायचंय."

मागे कुणीतरी घड्याळ बघून चुकचुकलं. त्याच्याकडे मी असं बघितलं की तो खिडकीबाहेर बघायला लागला. आम्ही दोघी उतरलो. त्या झुडपांमागे गेल्या आणि मी रस्त्याकडे तोंड करून आडोसा धरला.

परत आल्या तेव्हा चेहरा मोकळा झाला होता. म्हणाल्या, "आता तुम्ही जा. मी हुबी राहते. मघापासून तुम्हीबी पाय हलवताय."

मी गाडीकडे पाहिलं. खिडक्याखिडक्यांतून माणसं आमच्याकडेच बघत होती.

"नको," मी म्हणाले, "मला नाही लागली."

लागली होती. पेठ अजून अर्ध्या तासावर होतं.