कोळ्यांच्या साइटला माणसं हवीत

शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या तिच्या नवऱ्याला कोळ्यांचं वेड होतं. आठ पायांच्या कोळ्यांचं. त्यांच्यासाठी त्यानं एक वेबसाइट काढली होती. न्हाणीघरात, बागेत, बुटात कोळी सापडला की लोक फोटो पाठवायचे, "विषारी आहे का हो?" विचारायचे, आणि हा प्रत्येकाला मन लावून उत्तर लिहायचा. मधूनच एखादा ताजे मासे मिळतील का म्हणून विचारी. त्यालाही उत्तर जाई. बारा वर्षं हे चाललं. ती शेजारच्या खोलीत पडदे आणि गणवेश शिवायची आणि तिथूनच ओरडायची, "त्या आठ पायांना देता त्याच्या निम्मा वेळ दोन पायांच्या बायकोला द्या!"

एका दुपारी तो शाळेच्या जिन्यात कोसळला, तो उठलाच नाही.

महिन्याभरानं तिनं त्याचा कॉम्प्युटर उघडला. दोनशे सहा प्रश्न उत्तराची वाट बघत होते. त्यांच्यामागे त्याची जुनी उत्तरं होती. ती सहज वाचायला बसली आणि थबकली. उत्तरांमध्ये जागोजागी ती स्वतःच होती. 'आमच्या बाईसाहेबांनी याच जातीच्या कोळ्यावर काल झाडू उगारला. मी मध्ये पडलो, मार मला बसला.' पुढे एके ठिकाणी, 'आज थोडक्यात लिहितो. घरात तिला ताप आहे आणि दूध उतू गेलंय.'

ज्या माणसानं उभ्या जन्मात तोंडावर कधी कौतुक केलं नाही, तो अनोळखी लोकांना तिच्याबद्दल सांगत बसला होता.

तिनं ठरवलं, हे अधाशासारखं वाचायचं नाही. रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी फक्त तीन उत्तरं, पहिल्या वर्षापासून ओळीनं. पुरवून पुरवून. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही. सांगायला लाजच वाटली.

प्रश्न मात्र साचत चालले. तिला कोळ्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी तिनं साइटच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'कोळ्यांच्या साइटला माणसं हवीत. पगार नाही, मानधन नाही. आभार मानीन, तेही मनापासून. ज्यांना कोळी ओळखता येतात किंवा घाबरलेल्या माणसाशी गोड बोलता येतं, त्यांनी कळवावं.'

दोघं आली. एक निवृत्त नर्स, गोड बोलण्यात पटाईत. दुसरे एक ग्रंथपाल, कोळ्यांतले जाणकार आणि कामाला वाघ. तिला इतकं हायसं वाटलं की पासवर्ड देताना फोनवर म्हणाली, "भाऊ, साइट आपलीच समजा. काय आवरायचं ते आवरा."

बघता बघता सगळे प्रश्न निकाली निघाले. ती तिची रोजची तीन उत्तरं वाचत राहिली. चार वर्षं संपली. पाचव्या वर्षाचं पान उघडलं, तर कोरं. सहावं कोरं. बाराव्यापर्यंत सगळं कोरं.

तिनं ग्रंथपालांना फोन लावला. "भाऊ, जुनी उत्तरं दिसत नाहीत."

"आवरली ना ताई!" ते खुशीत म्हणाले. "दोन महिने झाले की. पुष्कळ नावं चुकलेली होती, वर घरगुती गप्पा. त्यांच्या जागी स्वच्छ तक्ता केलाय. शेवटून सुरुवात केली होती, पहिली चार वर्षं तेवढी राहिलीत, ती या आठवड्यात..."

"नको!" ती जोरात ओरडली. मग तिनं हळूच विचारलं, "काढलेली कुठे ठेवलीत?"

"ठेवली नाहीत, ताई. कशाला ठेवायची?"

साइट सांभाळणाऱ्या कंपनीकडे फक्त महिन्याभराची प्रत असते, हेही त्यांनीच सांगितलं. फुकट राबणाऱ्या माणसाला बोलणार तरी काय? आवरा म्हणून तिनंच सांगितलं होतं. "बरं केलंत," म्हणून तिनं फोन ठेवला आणि त्या दिवशी शिवायला बसलीच नाही.

फोनवर तिचा आवाज ऐकून नर्सला शंका आली. तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल दोन बस बदलून दारात हजर.

"मला एका शब्दानं सांगितलं असतंत..."

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं, भाऊ. तुमचा काय दोष?"

प्रत्येक उत्तराची प्रत साइटवरून आपोआप विचारणाऱ्याला ईमेलनं जायची. ग्रंथपालांनी एकेकाला पत्र लिहिलं, अकराशेच्या वर. बहुतेक पत्ते बंद पडले होते. एकोणीस जणांनी जपून ठेवलेली उत्तरं परत पाठवली. सतरांमध्ये नुसती कोळ्यांची माहिती. अठराव्यात तिच्या हातच्या पडद्याची तारीफ. एकोणिसावं असं होतं:

'हा कोळी नाही, धूळ आहे. पुसून टाका. आमच्याकडेही असंच झालं होतं. बाईसाहेब भिऊन तीन दिवस शिवणाच्या खोलीत गेल्या नाहीत, माझ्याजवळ येऊन बसल्या. धूळ आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगितलं नाही.'

"लबाड," ती म्हणाली. पुढचं भांडण ओठांवर आलं होतं, पण ऐकायला कोण होतं? ती पहिल्यांदाच मोकळेपणानं रडली.

साइट छान चालली आहे. आता चौघं जण काम बघतात. दर आठवड्याला ग्रंथपाल फोन करतात, "आणखी कुणाचं आलं नाही, ताई." ती म्हणते, "असू द्या." मग थोडा वेळ दोघंही फोन ठेवत नाहीत.